घायपाताचा फुलोरा

सरकारी नोकरीत घरे बदलतात आणि घरांबरोबर बागाही बदलतात. काही वर्षांपूर्वी एका कोरड्या जिल्ह्यात माझी बदली झाली, तेव्हा मिळालेल्या निवासस्थानाच्या फाटकाशी घायपाताचे एक थोराड झाड उभे होते. ते कोणी लावले हे कोणालाच आठवत नव्हते. नव्या बागेच्या उत्साहात मी गुलाबांबरोबर त्यालाही रोज पाणी घालावयास लावले. पहिल्याच पावसाळ्यात त्याची खालची पाने मऊ पडून सडू लागली. आमचा वृद्ध माळी एवढेच म्हणाला, "साहेब, याची सेवा करू नका. याला थोडं विसरा." या एका वाक्यात त्या झाडाचा केवढा इतिहास सामावला आहे, हे मला पुढे वाचनातून उमगले.

घायपात आपल्या माळरानावर आणि रेल्वेच्या कडेला इतके रुळले आहे की ते परके वाटत नाही. त्याच्या नावातच मला घाव घालणारे पाते दिसते. परंतु त्याचे माहेर मेक्सिको. तेथील उन्हाने तापलेल्या, खडकाळ उतारांवर ते वाढले. अशा भूमीत जगण्यासाठी त्याने एक युक्ती साधली आहे. इतर बहुतेक झाडे दिवसा पानांची सूक्ष्म रंध्रे उघडतात. हे ती रात्रीच्या गारव्यात उघडते आणि ओलावा राखते. जाड पाने म्हणजे त्याच्या पखालीच होत. भरलेल्या पखालीत आणखी पाणी ओतण्याचा अविचार मी करीत होतो.

मेक्सिकोच्या प्राचीन लोकांना हे झाड म्हणजे कल्पवृक्षच वाटे. पानांच्या धाग्यांतून वस्त्र आणि दोर, टोकाच्या काट्यातून सुई, भाजलेल्या गाभ्यातून अन्न मिळे. मायावेल नावाची देवताच त्यांनी या झाडाची मानली होती. फुलाचा दांडा उगवण्याच्या बेतात असता गाभा कोरून त्यात साचणारा गोड रस ते काढीत आणि तो आंबवून पुल्के नावाचे पेय करीत. आपल्याकडील नीरा आणि ताडीचीच ही कथा. विजेता कोर्तेस याने १५२० साली आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रात तेथील बाजारात विकल्या जाणाऱ्या या झाडाच्या पाकाचाही उल्लेख केला आहे. सोळाव्या शतकातच चित्रित झालेल्या मेंदोसा पोथीत अवज्ञा करणाऱ्या मुलांना बाप याच काट्यांनी टोचीत असल्याचे दृश्य आहे.

पुढे स्पॅनिश जहाजांतून हे झाड युरोपात गेले. लिनेयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली त्याच्या कुळाला 'आगावे' हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ थोर अथवा भव्य असा आहे. थंड देशांतील बागाईतदार त्याला कुंडीत वाढवीत आणि हिवाळ्यात काचगृहात नेत. तेथे ते इतक्या संथपणे वाढे की शंभर वर्षांनी एकदाच फुलते अशी आख्यायिका पसरली. वस्तुतः उष्ण प्रदेशात त्याला सामान्यतः दहा ते तीस वर्षे पुरतात. एकदाच फुलते हे मात्र खरे. त्यानंतर ते मरते.

याच कुळातील झाडांनी पुढे माणसांची दैवेही बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत धान्याच्या पेंढ्या बांधणारी यंत्रे आली. त्यांना लागणारी सुतळी पुरविण्यासाठी युकातान प्रांतात मळेवाल्यांनी कर्जाने जखडलेल्या मजुरांना अक्षरशः राबविले. १८९३ साली रिखार्ड हिंडॉर्फ या जर्मन तज्ज्ञाने फ्लॉरिडाहून पूर्व आफ्रिकेसाठी सिसल जातीची हजार रोपे मागविली. प्रवासाअंती ६२ जगली आणि तेवढ्यांतून टांगानिकाचे विशाल मळे उभे राहिले. आपल्या दख्खनेतही मातंग कारागिरांनी केकताडाची पाने पाण्यात कुजवून, बडवून, धुऊन वाख काढला आणि पोळ्याच्या दिवशी बैलांना बांधायची नवी दावी वळून दिली. त्या रसाने हाताला सुटणारी आग आणि खाज त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली. नायलॉनचा दोर आला आणि हा धंदा बसत गेला. बागेत हे झाड शोभेसाठी लावताना या हातांचे स्मरण असावे.

आता निगेविषयी थोडे. झाडाला पूर्ण ऊन द्यावे. माती मुरमाड असावी आणि तिचा उंचवटा करावा, म्हणजे पावसाचे पाणी बुंध्याशी थांबणार नाही. कोकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात कुंडी आडोशाला ठेवलेली बरी. जुन्या झाडाला पावसाखेरीज पाणी जवळजवळ लागत नाही. वाटेपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ते सहा-सात फूट दूर असावे. पानाचे टोक नेमके डोळ्याच्या उंचीवर येते. बुंध्याशी फुटणारी पिल्ले धारदार सुरीने वेगळी करून, काप चार-पाच दिवस सावलीत सुकवून मगच लावावीत. कापताना हातमोजे विसरू नयेत.

तिसऱ्या उन्हाळ्यात आमच्या फाटकाशी शतावरीच्या कोंबासारखा एक प्रचंड दांडा वर आला. तो दिवसाला चार-सहा इंच वाढे. पाहता पाहता तो छपराच्या वर गेला आणि त्याला दीपमाळेसारख्या फांद्या फुटून पिवळी फुले लागली. मधमाश्यांची गर्दी उसळली. खाली पाने मात्र एकेक करून खंगत होती. अनेक वर्षे साठविलेले सारे त्या दांड्यात चढत होते. घरी आलेल्यांना ते रोग पडलेले झाड वाटे आणि ते तोडण्याचा सल्ला मिळे. मी तोडू दिले नाही.

वर्ष सरण्याच्या आत झाड वाळले आणि माझ्या बदलीचा हुकूमही आला. कोणा अज्ञात पूर्वाधिकाऱ्याने लावलेले फूल माझ्या वाट्याला आले होते. म्हणून निघण्यापूर्वी माळ्याबरोबर मी पाच पिल्ले कुंपणाशी लावली. त्यांचा फुलोरा मी पाहणार नाही. पुढे कधी कोणी नवा अधिकारी उत्साहाने त्यांना रोज पाणी घालू लागेल. तोवर आमचा माळी तेथे असेलच असे नाही. म्हणून त्याचे वाक्य मी येथे नोंदवून ठेवतो.