न वटवलेले चेक

जुन्या कैरोतल्या फुस्तात भागात ज्यूंचे एक प्राचीन प्रार्थनास्थळ आहे. देवाचे नाव असलेला कागद फाडून टाकू नये, म्हणून तिथल्या लोकांनी शतकानुशतके जुने कागद एका कोठीत साठवले. १८९६-९७ साली सॉलोमन शेश्टर या अभ्यासकाने त्यातले बरेचसे केंब्रिजला नेले. धर्मग्रंथांच्या पानांबरोबर त्यांत बाराव्या शतकातल्या लहान लहान चिठ्ठ्याही निघाल्या. व्यापाऱ्याने आपल्या सराफाला कळवले होते : अमक्याला इतके द्यावेत. लिपी हिब्रू, भाषा अरबी. आजचा चेक याहून वेगळे काय सांगतो?

अरबीत अशा लेखी देण्याला ‘सक्क’ म्हणत. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहाराच्या कडेला, औदाघुस्त या गावी ४२ हजार दिनारांचा सक्क पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. ‘सक्क’चाच ‘चेक’ झाला असे काही अभ्यासक मानतात. इंग्रजी कोश मात्र हा शब्द ताडून पाहण्याच्या ‘चेक’शी जोडतात आणि त्याचे मूळ बुद्धिबळातल्या फारसी ‘शाह’पर्यंत नेतात. तसे पाहिले तर पटावरचा आपला ‘शह’ आणि बँकेतला चेक एकाच घरातले!

आपल्याकडे हे काम हुंडी करी. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरल्या दिवशी. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या सावकारालाच मिळत. हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ लिहून देत, तीही हरवली तर ‘परपेठ’. कागद हरवला म्हणून देणे हरवत नसे.

पुढे बँका आल्या आणि १८८१ साली हुंडी-चेकच्या व्यवहारासाठी ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट’ झाला. चेकवर दोन तिरक्या रेघा मारल्या की पैसे बँकेमार्फतच मिळणार, हा नियम पक्का झाला. चोरापासून रक्षण झाले हे खरे, पण ज्याचे खातेच नाही त्याचे काय?

माझे एक मामू शिलाईकाम करीत आणि फावल्या वेळात पदे रचीत. त्यांच्या ट्रंकेत १९७० ते ८०च्या दरम्यानचे पाच चेक निघाले. सगळे मानधनाचे, सगळ्यांवर तिरक्या रेघा. एकूण रक्कम २४० रुपये. १९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, तरी मामूंच्या गावाला शाखा नव्हती. तालुक्याला जायचे म्हणजे एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी बुडवणे. शिवाय खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळखीची सही हवी. मामूंनी ते चेक कापडात गुंडाळून ठेवले. प्रत्येकावर त्यांचे नाव टाइप केलेले होते.

अशा चेकचे करायचे काय? पूर्वी चेकची मुदत सहा महिने असे, १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिन्यांवर आली. मुदत उलटलेला चेक बँक घेत नाही. चेक ही बँकेला केलेली आज्ञा आहे, त्यामुळे नवा चेक मागायचा तो देणाऱ्याकडे. घेणारा हयात नसेल तर वारसांनी मागायचा. डिमांड ड्राफ्टचे तसे नाही, तिथे देणेकरी खुद्द बँक असते. दहा वर्षे न उचललेल्या ठेवी आणि ड्राफ्टचे पैसे २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात. ते तिथे गेले तरी वारसांना आपल्या बँकेमार्फत मागता येतात.

पैशाच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. पण ती संपल्यावर कोर्टाचा दरवाजा बंद होतो, देणे पुसले जात नाही. १८७२च्या करार कायद्यात तर अशी सोय आहे की, मुदतबाह्य देणे फेडण्याचे सही करून लेखी वचन दिले तर ते पुन्हा बंधनकारक होते.

आमच्याकडे वाटणीच्या आधी मयताचे कर्ज फेडतात आणि त्याचे येणे वारसांचे धरतात. मुलेबाळे असताना विधवेचा हिस्सा आठवा. मुमानीने चेकची बेरीज करून घेतली आणि म्हणाली, ‘‘माझे तीस रुपये मी माफ केले. तुमचं तुम्ही बोला.’’ मुले एकेक करून ‘माफ’ म्हणाली. मानधन देणाऱ्यांपैकी काही संस्था तोवर बंद पडल्या होत्या. तरीही ते ऋण कोणाच्या डोक्यावर राहू नये, एवढीच तिची काळजी.

तुमच्याही घरी कपाट आवरताना असा चेक हाती येईल. फाडण्यापूर्वी तारीख पाहा, देणारा कोण ते वाचा, तो हयात असेल तर त्याला एक पत्र टाका. पैसे मिळतील, न मिळतील. पण मागायचे की माफ करायचे, हे वारसांनी ठरवावे, रद्दीवाल्याने नव्हे.