संगमेश्वरी बोली : ध्वनिव्यवस्था

रत्नागिरी जिल्ह्यात, शास्त्री नदीच्या काठच्या संगमेश्वर तालुक्यात व त्याच्या आसपासच्या मुलखात, मुख्यतः कुणबी व इतर कष्टकरी समाजांच्या तोंडी असलेली मराठीची बोली. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात तिची बाणकोटी आदी शेजारच्या बोलींबरोबर नोंद आहे. मुंबईच्या गिरण्यांत चाकरीस गेलेल्या कोकण्यांबरोबर ती तेथील चाळींतही नांदली.

व्यंजने : या बोलीचे प्रधान लक्षण असे, की शब्दाच्या आरंभीचे मूर्धन्य वर्ण दृढ राहतात, तर मध्ये वा अंती येणारे काही मूर्धन्य वर्ण शिथिल होतात. ‘ण’चा ‘न’ होतो (पानी, कोन), ‘ळ’चा ‘ल’ होतो (सगला, काला) आणि काही कुणबी उच्चारांत दोन स्वरांमधील ‘ड’ ‘र’कडे झुकतो (घोरा). ‘डोळा’ या शब्दाचे ‘डोला’ हे रूप या नियमाचा बोलका दाखला होय. कारण त्यात आरंभीचा ‘ड’ अबाधित असून पुढचा ‘ळ’ तेवढा पालटला आहे. ‘घंटा’सारख्या शब्दात मात्र पुढील ‘ट’च्या सान्निध्यामुळे अनुनासिक मूर्धन्यच राहते, म्हणून येथे ‘ण’ हा स्वतंत्र वर्ण नसून ‘न’चेच स्थानविशिष्ट रूप ठरतो. महाप्राणांची गतीही अशीच असून ‘घर’, ‘झाड’ यांतील महाप्राण टिकतो, तर ‘बघ’, ‘माझा’ यांची ‘बग’, ‘माजा’ अशी रूपे होतात.

अर्धस्वर : ‘इ’, ‘ई’ यांपूर्वीचा ‘व’ लोपतो (ईस, इंचू, इस्तू) व ‘ए’पूर्वी त्याच्या जागी ‘य’ येतो. ‘वेळ’चे ‘येल’ होताना हा नियम व ‘ळ’चा ‘ल’ होण्याचा नियम एकाच शब्दात लागू पडतात. ‘वाट’, ‘वारा’ यांतील ‘व’ मात्र अक्षुण्ण राहतो.

मूल्यमापन : ‘काळ’ व ‘काल’ या शब्दांचा उच्चार एकच झाला, तरी वाक्याच्या संदर्भाने अर्थनिर्णय होतो आणि व्यवहार अडत नाही. शाळेच्या फळ्यावर जे उच्चार अशुद्ध म्हणून खोडले जातात, ते वस्तुतः निश्चित स्थानी, निश्चित कारणाने घडणारे नियमबद्ध विकार आहेत. नमन-खेळे व जाखडी या कोकणी लोककलांच्या रात्री हीच बोली निःसंकोच ऐकू येते, आणि तिच्या अभ्यासकाने प्रथम तेथेच कान द्यावा, हे उचित होय.