घोळीच्या आवाजापासून पडद्यावरच्या कमानीपर्यंत

१९०४ च्या सुमारास काठियावाडातल्या ओखामंडळचा किनारा बडोदा संस्थानाचा होता आणि त्या समुद्रातून काय मिळू शकतं, हे सयाजीराव महाराजांना जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी श्रीलंकेत मोत्यांच्या शिंपल्यांवर काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांना नेमलं गेलं. ओखामंडळच्या सागरी जीवांवरचा त्यांचा अहवाल १९०९ मध्ये छापून आला. त्या काळी खोली मोजायची ती शिशाचं वजन बांधलेल्या दोरीने. वजनाच्या बुडाला चरबी माखत. तिला चिकटून आलेली वाळू किंवा चिखल पाहून तळाचा अंदाज बांधत. मासा मात्र त्या दोरीला कळत नसे.

तो कळे कानाला. घोळ, कोथ, ढोमा हे सगळे आवाज करणारे मासे. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ते डरकतात. मलायाच्या किनाऱ्यावर तर पाण्यात उतरून, डोकं बुडवून मासळीचा आवाज ओळखणारा जाणकार होडीबरोबर असे. आज ‘फिश फाइंडर’ म्हणून जे यंत्र होड्यांवर बसवतात, त्याचा खरा पूर्वज मला हा माणूस वाटतो.

यंत्राची दुसरी बाजू प्रयोगशाळेतून आली. १८२६ मध्ये कोलादों आणि स्टुर्म यांनी जिनिव्हाच्या सरोवरात घंटा वाजवून पाण्यातला ध्वनीचा वेग मोजला: सेकंदाला सुमारे १,४३५ मीटर. १८८० मध्ये क्युरी बंधूंना दाबाने वीज देणारे स्फटिक सापडले. टायटॅनिक बुडाल्यावर हिमनग ओळखायची निकड निर्माण झाली आणि १९१४ मध्ये फेसेंडन यांनी प्रतिध्वनीवरून हिमनग हेरून दाखवला. पुढे पहिल्या महायुद्धात लांजव्हँ यांनी क्वार्ट्‌झचा स्फटिक वापरून पाणबुडीचा वेध घेतला.

इथपर्यंत मासळीचा कुणी विचार केला नव्हता. त्याच प्रतिध्वनीने खोली मोजणाऱ्या यंत्राच्या कागदावर तळाच्या वर मधेच काही खुणा उमटत. खोली मोजणाऱ्याला त्या नकोशा होत्या. १९३३ मध्ये रोनाल्ड बॉल्स या इंग्रज होडीमालकाने हेरिंग पकडताना त्याच खुणा वाचायला घेतल्या. दोन वर्षांनी नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी लोफोटेनच्या कॉड माशांचे थर कागदावर उमटवून प्रसिद्ध केले. जपानमध्ये फुरुनो बंधू होड्यांवर विजेची कामं करत. मासळी असते तिथे बुडबुडे येतात, हे त्यांना एका अनुभवी मच्छीमाराने सांगितलं. बुडबुडे ध्वनी परतवतात, मग मासळीही सापडेल, असा विचार करून १९४८ मध्ये त्यांनी बाजारात विकता येईल असं यंत्र केलं. शास्त्रज्ञांचं श्रेय मोठं आहेच, पण या यंत्राच्या वंशावळीत मच्छीमाराचं नाव वगळलं तर ती अर्धीच राहते.

१९५९ च्या सुमारास अमेरिकेत लॉरन्स यांची हिरवी पेटी, म्हणजे छोटा फिश फाइंडर, आली, ती हौशी गळवाल्यांसाठी. तीच जात गोठलेल्या तळ्यांवर गेली. बर्फाला भोक पाडायचं, स्फटिकाची चकती पाण्यात सोडायची आणि शेजारी बसायचं. चालत्या होडीखालून मासा जातो तेव्हा अंतर आधी घटतं, मग वाढतं, म्हणून पडद्यावर कमान दिसते. बर्फावर माणूस जागचा हलत नाही. तिथे स्थिर माशाची आडवी रेघ उमटते, आणि गळाचं आमिषही वेगळी रेघ होऊन वरखाली होताना दिसतं. मासा आमिषाकडे निघाला की दोन रेघा जवळ येतात. तीस मीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतायला जेमतेम ०.०४ सेकंद लागतो, त्यामुळे हे सगळं घडत असतानाच दिसतं.

प्रतिध्वनीचा मोठा भाग परततो तो माशाच्या पोटातल्या त्याच हवेच्या पिशवीवरून. पालघरच्या सातपाटी-मुरब्याकडे तिला बोत म्हणतात आणि घोळीचं बोत परदेशात मोठ्या भावाने जातं. २०२३ मध्ये गुजरातने घोळीला राज्यमासा केलं; यंत्राला ती ठळक दिसते. त्याच वर्षी महाराष्ट्राने पापलेट निवडलं. त्याच्या पिलांना ही पिशवी असते, पण वाढताना ती आटून जाते, त्यामुळे मोठ्या पापलेटाचा प्रतिध्वनी क्षीणच येतो. त्याच्यासाठी आजही भरती-ओहोटीचा हिशेब आणि जाळं कुठे सोडायचं याची पिढीजात समज लागते.