विश्रांतीचा घातक सल्ला आणि सहा मिनिटांची चाल

१/ चार पावलांत ज्याला धाप लागते, त्याला चालायला लावणे निर्दयपणाचे वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाचेही मत हेच होते. दीर्घकालीन ब्राँकायटिस व एम्फिसीमा, म्हणजे आज ज्यांना एकत्रितपणे सीओपीडी म्हणतात, अशा विकारांच्या रुग्णाला ठरलेला सल्ला मिळे: श्रम टाळा, विश्रांती घ्या.

२/ या सल्ल्यानेच घात केला. चालणे सुटले की पायांचे स्नायू क्षीण होतात. क्षीण स्नायूंत थोड्या श्रमानेही लॅक्टिक आम्ल साचते आणि त्यापायी श्वास अधिक वेगाने घ्यावा लागतो. धाप वाढते, म्हणून रुग्ण आणखी कमी चालतो.

३/ १९५२ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. ॲल्व्हन बॅरॅक यांनी एक वेगळेच निरीक्षण नोंदवले. ऑक्सिजन घेत व्यायाम केलेले एम्फिसीमाचे दोन रुग्ण पुढे ऑक्सिजनशिवायही अधिक चालू लागले. खेळाडूंना सरावाने जो लाभ होतो, तसाच हा असावा, असे त्यांनी सुचवले. तरीही विश्रांतीचा सल्ला लगेच मागे पडला नाही.

४/ १९६० च्या दशकात डेन्व्हर येथे डॉ. थॉमस पेटी व सहकाऱ्यांनी सोबत नेता येणारा ऑक्सिजन, श्वसनाचे शिक्षण आणि व्यायाम यांची सांगड घातली. १९६९ मध्ये हा कार्यक्रम प्रसिद्ध झाला.

५/ पण प्रगती मोजायची कशी? फुप्फुसांच्या चाचण्यांत फारसा फरक दिसत नसे. उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडले. अमेरिकी हवाई दलातील डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये धडधाकट जवानांसाठी १२ मिनिटे धावण्याची चाचणी मांडली होती. १९७६ मध्ये एडिंबरा येथील डॉक्टरांनी तिच्यावरून रुग्णांसाठी १२ मिनिटे चालण्याची चाचणी बेतली. १९८२ मध्ये लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातील संशोधकांनी ६ मिनिटेही पुरेशी असल्याचे दाखवले. साधने दोनच: लांब, सपाट व्हरांडा आणि घड्याळ.

६/ सुधारणेचे कारण १९९१ मध्ये अधिक स्पष्ट झाले. डॉ. रिचर्ड कासाबुरी व सहकाऱ्यांनी रुग्णांकडून सायकलवर सराव करून घेतला. सरावानंतर तेवढ्याच श्रमाला लॅक्टिक आम्ल कमी तयार होई आणि श्वासही कमी लागे. फुप्फुसे होती तशीच राहिली. सुधारले ते पाय.

७/ २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. व्यायामासह दिलेल्या पुनर्वसनाचा लाभ त्यात इतका निर्विवाद ठरला की, नेहमीच्या उपचारांशी त्याची तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची गरज नाही, असे सांगून तो आढावा कायमचा बंद करण्यात आला. बॅरॅक यांच्या दोन रुग्णांपासून इथवर यायला ६३ वर्षे लागली. त्या काळात कित्येक रुग्ण सल्ला तंतोतंत पाळून खुर्चीला खिळले होते.