नागपूरच्या उन्हात बंडी शिवताना

परवा इतवारीत बंडीसाठी कापड घ्यायला गेलो. यंदा नवतप्याच्या आधीच शिवून ठेवायची असं ठरवलं होतं. दुकानदाराने सुरकुत्या पडल्यासारखं दिसणारं, पातळ, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सुती कापड समोर टाकलं. "घ्या भाऊ, सीअरसकर आहे. बाहेरचा माल." मी म्हटलं, बाहेरचा म्हणजे कुठला? तो हसला. ते त्यालाही माहीत नव्हतं.

घरी येऊन पाहिलं तर गंमतच. सीअरसकर हा शब्द फारसीतल्या 'शीर-ओ-शकर'वरून आला. म्हणजे दूध आणि साखर. एक पट्टा दुधासारखा गुळगुळीत, शेजारचा साखरेसारखा खरबरीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हे कापड हिंदुस्थानातूनच जहाजाने बाहेर जायचं. पुढे 1909 च्या सुमारास न्यू ऑर्लीन्सच्या जोसेफ हॅस्पेलने त्याचे उन्हाळी सूट शिवून विकले आणि ते अमेरिकेचं होऊन गेलं. आता ते इतवारीत परत येऊन 'बाहेरचा माल' झालं आहे.

यात जादू काही नाही. विणताना ताण्याचे काही धागे कडक ताणलेले ठेवतात, काही सैल. सैल धागे आक्रसून वर येतात, त्यामुळे कापड अंगाला चिकटत नाही. मधून हवा खेळते. इस्त्रीही लागत नाही. पंचेचाळीस अंशांत राहणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे?

आता आपल्या गावाचं बघा. जमशेटजी टाटांनी गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर निवडलं, कारण कापूस इथे, कोळसा जवळ आणि रेल्वे आलेली. जुम्मा तलावाजवळची दलदल विकत घेऊन तिथे भराव टाकला. एका सावकाराने म्हणे आधी पैसा द्यायला नकार दिला होता, हे तर जमिनीत सोनं पुरणं आहे म्हणून. 1 जानेवारी 1877 ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. चालवायला दिली बेझनजी मेहतांकडे. ते रेल्वेतले माणूस, कापडातलं काही ठाऊक नाही! पहिली यंत्रं स्वस्तातली घेतली होती, त्यामुळे माल हलका निघाला. मग खर्च करून चांगली यंत्रं आणली.

खरी अडचण मात्र हवेची होती. नागपूरचा उन्हाळा कोरडा, आणि कोरड्या हवेत सुती धागा तटातट तुटतो. एम्प्रेसमध्ये त्यासाठी हवा ओलसर ठेवणारी यंत्रं बसवली. आमच्या कोष्ट्यांना ते आधीपासून माहीत होतं. त्यांचा माग खड्ड्यात असायचा. पाय खाली, जमिनीची ओल धाग्याला. नागपूर, उमरेडची रेशीमकाठी धोतरं आणि लुगडी अशाच मागांवर निघाली. आणि कापूस? हिंगणघाटकडचा 'बनी' हा देशी कापसांत सर्वांत तलम गणला जायचा. पुढे जास्त उतारा देणारे आखूड धाग्याचे जाडे वाण आले नि बनी मागे पडला. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला भाव वजनावर मिळत होता, तलमपणावर नाही.

1920 चं काँग्रेस अधिवेशन इथेच भरलं. असहकाराचा ठराव इथे पक्का झाला, परदेशी कापड टाकून द्यायचं ठरलं. 1923 चा झेंडा सत्याग्रहही आपलाच. 1976 मध्ये केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात आली. त्यानंतर दहा वर्षांनी एम्प्रेस मिल टाटांकडून राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये बंद पडली. आज तिथे मॉल आहे. मॉलमध्ये कपडे मिळतात, हे मान्य.

हे सगळं आठवायचं कारण माझ्या मुलीचा गणवेश. तो पॉलिस्टरमिश्रित आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, हे सरकारला मान्य आहे. मग त्याच उन्हात पोरांनी घालायचं कापड वेगळं का नको? 2024 मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' आला. कापड वरून येणार, शिवणार बचत गटांच्या बाया. कुठे मापं चुकली, कुठे गणवेश वेळेत पोचलेच नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात सरकारने गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. म्हणजे आता कोणतं कापड, हा प्रश्न समितीच्या बैठकीत तुम्ही-आम्ही विचारू शकतो.

मी आमच्या बैठकीत विचारला. एक ताई ताडकन म्हणाल्या, "सुती आणाल तर रोज इस्त्री कोन करन? तुम्ही?" बरोबर होतं त्यांचं. पॉलिस्टर रात्री धुतलं की सकाळी कोरडं, रंग जात नाही, दोन वर्षं टिकतं. इस्त्रीचं उत्तर या सुरकुतलेल्या कापडात आहे, किमतीचं नाही. ते मी त्यांना सांगितलं. पुढच्या बैठकीला नमुना आणा, असं ठरलं.

मग कापड घेऊन महालातल्या आमच्या जुन्या टेलरकाकांकडे गेलो. त्यांनी कात्री हातात घेतलीच नाही. "आधी रात्रभर पाण्यात टाक. पिळू नको, सावलीत वाळव. आटायचं ते आधीच आटू दे. मग आण." शिवाय कापताना ताणायचं नाही, इस्त्रीने सपाट करून माप घ्यायचं नाही, नाहीतर धुतल्यावर बंडी वर चढते. सुई बारीक, टाका सैल. कडा आत दुमडून दोनदा शिलाई, म्हणजे धागे निघत नाहीत.

"आणि पोरीचा गणवेश असल्या कापडाचा जमेल का?" मी विचारलं.

"जमते ना. पण उंचीत दोन बोटं जास्त ठेवा लागते. लेकरं वाढतात, कापड आटते."

कापड आता बादलीत भिजत आहे. पाण्याला थोडा निळा रंग आलाय. बैठक येत्या शनिवारी आहे.