हरिश्चंद्र : मूक आणि बोलका

काशीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी बांधला. त्याच गंगातीरावर, दक्षिणेस, हरिश्चंद्र घाट आहे. तेथल्या स्मशानाशी निगडित असलेली सत्यव्रती राजाची कथा मराठी माणसांनी पडद्यावर आणली. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या मूकपटात तारामती झाले अण्णा साळुंके. ‘प्रभात’च्या १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात दुर्गा खोटे. जुना श्रेष्ठ की नवा, असा वाद रसिकांत रंगावयाचाच. नव्याला वाणी लाभली, तारामतीला स्त्री लाभली, हे खरे. परंतु स्त्री मिळेना म्हणून फाळके थांबले असते, तर ही वाटच खुली झाली नसती. आज त्या मूकपटाचे काही अंशच उरले आहेत. निवाडा करावयाचा, तर दोन्ही पक्ष हजर हवेत. म्हणून वादाआधी जुन्या फिती जपणे, हेच रसिकतेचे पहिले कर्तव्य होय.