आधी पाणी, मग तेल

फुलंब्रीच्या एका शाळेत व्याख्यानासाठी गेलो असताना तेथील विज्ञान-शिक्षकांनी एक शंका विचारली. त्यांच्या आजोबांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरे हुसकावण्यासाठी बार काढला, की आजोबा घरी येऊन नळीत चक्क उकळते पाणी ओतीत, गजाला चिंधी गुंडाळून नळी कोरडी करीत आणि मग तेलाचा हात फिरवीत. "पाण्याने लोखंड गंजते असे आपण शिकवतो. मग आजोबा चुकत होते का?"

आजोबा चुकत नव्हते. पण ते बरोबर का होते, याचे पूर्ण कारण कळायला १९२२ साल उजाडावे लागले.

काळ्या दारूत साधारणपणे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते. ती जळल्यावर तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचे घन पदार्थ उरतात. त्यांत मुख्यतः पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट व सल्फाइड असतात. हे क्षार हवेतील ओल शोषून घेतात, पण पाण्यात सहज विरघळतात. म्हणून तोफ असो वा बंदूक, ती धुण्याची रीत शतकानुशतके चालत आली.

१८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मगुरूने आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे पेटंट घेतले. त्यातून पुढे बंदुकीची 'टोपी' आली. अशा टोप्यांच्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट वापरले जाई. ते ऑक्सिजन देते आणि मागे पोटॅशियम क्लोराइड उरते. हे मिठाचेच भावंड. पण नळी धुतलीच जात असल्याने त्याचा उपद्रव कोणाच्या ध्यानात आला नाही.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी धूरविरहित दारू तयार केली. बार काढल्यावर नळी जवळजवळ स्वच्छ दिसू लागली. मग पाणी कशाला? लोक नुसते तेल पुसून बंदूक ठेवू लागले आणि नळ्या गंजू लागल्या! दोष नव्या दारूतून निघणाऱ्या आम्लावर ठेवला गेला. आम्ल मारण्यासाठी सोड्यासारख्या अल्कलींची द्रावणे वापरली गेली. त्यांचा थोडा गुणही येई. पण तो सोड्याचा नव्हे, द्रावणातल्या पाण्याचा.

अमेरिकेच्या खाण विभागातील विल्बर्ट हफ यांनी १९२२ मध्ये खरा गुन्हेगार दाखवून दिला. तो टोपीतून आलेला पोटॅशियम क्लोराइड हा क्षार होता. तेलात तो विरघळत नाही. तेलाच्या थराखाली तसाच बसून राहतो. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८४ टक्क्यांच्या वर गेली, की तो ओल धरतो आणि तेलाखालीच गंज सुरू होतो. उपाय आजोबांचाच: गरम पाणी. त्यात क्षार लवकर विरघळतो आणि तापलेली नळी लवकर सुकते.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरेट नसलेल्या टोप्या बाजारात आल्या आणि हळूहळू सर्वत्र रुळल्या. त्यामुळे आजच्या नव्या पंप-ॲक्शन बंदुकीला पाण्याची गरज सहसा पडत नाही. ती रिकामी असल्याची खात्री करून, कारखान्यात लावलेले जाड संरक्षक ग्रीस पुसून काढायचे आणि सरकणाऱ्या भागांवर तेलाचा पातळ थर द्यायचा. जास्त तेल धूळ धरते व हालचाल जड करते. तेल घर्षण कमी करते, हवा-पाणी दूर ठेवते. क्षार धुऊन काढणे हे त्याचे काम नव्हे.

वर्गात हे दाखवायला बंदूक नको. पोटॅशियम क्लोराइड म्हणजे आपल्या खताच्या दुकानातले 'म्युरेट ऑफ पोटॅश'. लोखंडाचे तीन खिळे पॉलिशपेपरने घासा. दोन खिळे पोटॅशच्या द्रावणात बुडवून सुकवा. त्यांतल्या एकाला तसेच तेल लावा. दुसरा गरम पाण्याने धुऊन, कोरडा करून मग तेल लावा. तिसऱ्याला नुसते तेल. तिन्ही खिळे ओल्या कापसाच्या वाटीशेजारी झाकणाच्या डब्यात ठेवा आणि रोज पाहा. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा.

खत पेरून झाल्यावर पेरणीयंत्राला नुसते तेल पुसून ठेवणारी घरे फुलंब्रीत आहेत, तशी सगळीकडेच आहेत. मुलांनी हा प्रयोग घरी जाऊन सांगितला, तर पुढच्या हंगामात यंत्र आधी धुतले जाईल.